वयाचा हिशेब

घरांतील वडील माणसाचें वय किती, हा प्रश्न वरवर पाहतां इतका साधा आहे कीं त्याच्या उत्तरासाठीं क्षणभरही थांबण्याचें कारण पडूं नये. परंतु २०२५ सालच्या गुढीपाडव्याला आमच्या घरीं ह्याच प्रश्नावरून जो वाद माजला, तो श्रीखंडाचें पातेलें रिकामें झालें तरी मिटला नाहीं. प्रसंग असा होता. आमचे थोरले काका, ज्यांना घरांत सारे अण्णा म्हणतात, त्यांचें सहस्रचंद्रदर्शन करावयाचें घाटत होतें. अण्णांचा जन्म ५ मार्च १९४५ चा. त्यांचे धाकटे चिरंजीव अमेरिकेंत नोकरीस असतात. रजा काढून सहकुटुंब यावयाचें, म्हणून ‘दिवस एकदां नक्की करून कळवा’ असा त्यांनीं लकडा लावला होता. आणि इकडे घरांत माणसें चार, तर हिशेबही चार!

घरचे उपाध्ये म्हणाले, ‘ऐंशी वर्षें आठ महिने झाले कीं सहस्र चंद्र झाले असें आम्ही ऐकत आलों. त्याप्रमाणें ५ नोव्हेंबर २०२५ हा दिवस येतो, आणि त्या दिवशीं त्रिपुरी पौर्णिमाच आहे. ह्याहून चांगला योग कोणता?’ मधले काका बँकेंतून निवृत्त झालेले. त्यांनीं कागदावर हजाराला बारांनीं भागलें आणि ८३ वर्षें ४ महिने असें उत्तर काढून जुलै २०२८ चा महिना सुचविला. अमेरिकेहून चिरंजिवांचा निरोप आला कीं त्यांच्या यंत्रानें गणित केलें असतां हजारावी पौर्णिमा नुकत्याच झालेल्या होळीला, म्हणजे १४ मार्च २०२५ ला, होऊनही गेली! आणि काकूंचें म्हणणें एवढेंच कीं ऐंशी पुरीं झालीं आहेत, मग आणखी कसली वाट पाहतां?

अण्णा आदल्या पावसाळ्यांत मोठ्या दुखण्यांतून उठले होते. ते हंसून म्हणाले, ‘एकाच्या हिशेबानें माझा सोहळा होऊन गेला, दुसऱ्याच्या हिशेबानें मला आणखी सवातीन वर्षें दम धरला पाहिजे. तुमचें ठरलें म्हणजे मला कळवा.’ सारे हंसले. परंतु काकू उठून आंत गेल्या. तेव्हां आम्हांस वाटलें कीं ही केवळ आंकड्यांची गंमत नाहीं. हा हिशेब नीट लावून पाहिलाच पाहिजे. तो लावतां लावतां जें ध्यानांत आलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण असा प्रसंग प्रत्येक घरीं कधीं ना कधीं येतोच.

प्रथम मधल्या काकांचें उत्तर घेऊं. त्यांचा भागाकार बरोबर होता. चुकला तो भाजक. वर्षास बारा पौर्णिमा हें गृहीतच खरें नाहीं. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरीनें २९.५३०५९ दिवस जातात. अशा बारा महिन्यांचे ३५४ दिवस आणि सुमारें ९ तास होतात; सौर वर्ष मात्र ३६५ दिवस ५ तास ४९ मिनिटांच्या जवळपास असतें. म्हणजे दरवर्षीं जवळजवळ ११ दिवसांची तूट पडते, आणि ती भरून काढण्यासाठींच आपल्या पंचांगांत अधिकमास घालतात. १९ वर्षांत असे ७ अधिकमास येतात. तेव्हां ८० वर्षांत ९६० पौर्णिमांवर आणखी २९ किंवा ३० पौर्णिमा अधिकमासांच्या पडतात. काकांनीं ह्या साऱ्या पौर्णिमा वगळल्या, म्हणून त्यांचा सोहळा अडीच वर्षें पुढें गेला.

येथें आणखी एक मौज सांगण्यासारखी आहे. अपूर्णांकांची कटकट नको म्हणून कोणी चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा धरील. चूक किती? महिन्यास अवघीं ४४ मिनिटें. एका महिन्याच्या कामाला ती नगण्य आहे. परंतु हजार महिन्यांचा हिशेब करतांना तीच चूक साठत साठत ३० दिवसांहून अधिक होते, म्हणजे सबंध एक पौर्णिमाच हातांतून निसटते! आंकडा किती सूक्ष्म घ्यावा हें तो किती वेळां गुणावयाचा आहे ह्यावर ठरतें, हा धडा शाळेंतल्या कोणत्याही उदाहरणापेक्षां आम्हांस ह्या एका गुणाकारानें अधिक चांगला शिकविला.

आतां खरा हिशेब. जन्मानंतरची पहिली पौर्णिमा दुसऱ्याच दिवशीं येईल किंवा महिनाभरानें येईल. ती पहिली धरल्यास हजारावी तिच्यापासून ९९९ महिन्यांनीं, म्हणजे २९,५०१ दिवसांनीं येते. ह्या दिवसांचीं वर्षें केलीं तर ८० वर्षें ९ महिने आणि वर सुमारें आठवडा होतो. म्हणून प्रत्येक माणसाची हजारावी पौर्णिमा ८० वर्षें ९ महिने १ आठवडा ह्या सुमारापासून पुढच्या एका महिन्याच्या आंत केव्हां तरी पडते. अण्णांच्या जन्मानंतरची पहिली पौर्णिमा २८ मार्च १९४५ ची. तेथपासून शके १९४६ च्या फाल्गुनी पौर्णिमेपर्यंत अधिकमास धरून एकूण ९८९ महिने. त्यापुढें पौषापर्यंत १० महिने. झाले ९९९! अर्थात् अण्णांची हजारावी पौर्णिमा शके १९४७ ची पौषी पौर्णिमा, ३ जानेवारी २०२६. उपाध्यांची त्रिपुरी पौर्णिमा ह्या मोजणीनें ९९८ वी ठरली. परंपरेचें उत्तर दोनच पौर्णिमांनीं उणें पडावें, हें आम्हांस तरी कौतुकाचेंच वाटलें.

मग चिरंजिवांच्या यंत्राचें उत्तर इतकें कसें चुकलें? यंत्र चुकलें नव्हतें. त्यास जी जन्मतारीख दिली होती ती पासपोर्टावरची, आणि पासपोर्टावर अण्णांची जन्मतारीख १ जून १९४४ अशी आहे! हें ऐकून पुष्कळ वाचकांस हंसूं येईल, कारण त्यांच्याही घरीं कोणाची तरी जन्मतारीख १ जूनच असेल. आपल्याकडे शाळेचें वर्ष जूनमध्यें सुरू होई. मुलाचा जन्मदाखला नसे. वडिलांस तिथि ठाऊक असे, इंग्रजी तारीख ठाऊक नसे. गुरुजी मुलाकडे पाहून वर्षाचा अंदाज करीत आणि पुढें १ जून लिहून मोकळे होत. अण्णांस पहिलींत घालावयाचें तर वय थोडें कमी पडत होतें, म्हणून गुरुजींनीं उदार मनानें त्यांस नऊ महिन्यांनीं मोठें केलें.

ह्या एका फटकाऱ्याची किंमत अण्णांस निवृत्तीच्या वेळीं द्यावी लागली. सरकारी नोकरीचा नियम असा कीं ज्या महिन्यांत निवृत्तीचें वय पुरें होतें, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशीं निवृत्त व्हावयाचें. आणि ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, त्यानें मागील महिन्याच्या अखेरीस. महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक नोकऱ्यांत हें वय ५८ आहे. खऱ्या जन्मतारखेनें अण्णा ३१ मार्च २००३ ला निवृत्त झाले असते. शाळेच्या तारखेनें ते ३१ मे २००२ ला घरीं बसले. दहा महिन्यांचा पगार गेला. शिवाय १ जूनऐवजीं गुरुजींनीं २ जून लिहिलें असतें तरी जून महिना पदरांत पडला असता! नोकरी संपत आल्यावर सेवापुस्तकांतील जन्मतारीख बदलून मिळत नाहीं, ह्याविषयीं न्यायालयें कडक आहेत. आणि तें योग्यही आहे, नाहींतर प्रत्येकजण शेवटच्या वर्षीं तरुण होऊं लागेल.

पहिल्या तारखेच्या माणसास हा वेगळा न्याय कां, असें पुष्कळांस वाटतें. त्याचें कारण कायद्याच्या मोजणींत आहे. जन्माचा दिवस, मग जन्म रात्रीं अकराला कां झालेला असेना, सबंध एक दिवस म्हणून धरावयाचा. तसा धरला कीं वर्ष पुढच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशींच पुरें होतें. १ जूनला जन्मलेल्याचें वर्ष ३१ मेच्या रात्रीं भरतें. सर्वोच्च न्यायालयानें १९८६ सालीं हाच हिशेब लावून २ जानेवारी १९५६ ला जन्मलेल्या एका उमेदवाराचीं २८ वर्षें १ जानेवारी १९८४ लाच पुरीं झालीं असें ठरविलें, आणि त्या एका दिवसानें त्याची वयोमर्यादा टळली. १८७५ च्या सज्ञानतेच्या कायद्यांतही जन्मदिवस पूर्ण धरावयास सांगितलें आहे. मात्र सज्ञानपण १८ व्या वाढदिवसाच्या आरंभीं येतें असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे.

आतां लीप वर्षाकडे वळूं. पृथ्वीच्या प्रदक्षिणेस ३६५ दिवसांवर जे पावणेसहा तासांहून थोडे अधिक लागतात, ते सहा धरून जूलियस सीझरनें दर चौथ्या वर्षीं एक दिवस वाढविला. येथेंही तीच सूक्ष्मतेची गोष्ट! वर्षास ११ मिनिटांची चूक. पण १२८ वर्षांत ती एका दिवसाची होते. सोळाव्या शतकापर्यंत ती दहा दिवस झाली. तेव्हां तेराव्या ग्रेगरी पोपनें १५८२ सालीं ४ ऑक्टोबरचा दुसरा दिवस १५ ऑक्टोबर ठरविला, आणि शतकाच्या वर्षास ४०० नें भाग जात असेल तरच तें लीप धरावें असा नियम घातला. म्हणून १९०० हें लीप नव्हतें आणि २००० होतें. इंग्रजांनीं मात्र ही दुरुस्ती १७५२ सालीं स्वीकारली.

ह्या दुरुस्तीचा आपल्या इतिहासाशींही संबंध आहे. शिवाजीमहाराजांचा जन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१. ह्या दिवसाची १९ फेब्रुवारी १६३० ही प्रसिद्ध तारीख जुन्या पद्धतीची आहे. नव्या पद्धतीनें तो दिवस १ मार्च येतो. तसेंच महाराजांच्या निधनाची ३ एप्रिल १६८० ही तारीख जुनी, तर १३ एप्रिल नवी. दोन्हीं जुन्या घेतल्या काय किंवा दोन्हीं नव्या घेतल्या काय, महाराजांच्या आयुष्याचे दिवस तितकेच भरतात. परंतु जन्म जुन्या पद्धतीचा आणि मृत्यु नव्या पद्धतीचा घेतला कीं आयुष्य दहा दिवसांनीं फुगतें. वयाचीं दोन्हीं टोकें एकाच मापानें मोजलीं पाहिजेत, हा नियम सर्वत्र लागू आहे.

२९ फेब्रुवारीस जन्मलेल्यांची थट्टा तर नेहमींचीच. आपले माजी पंतप्रधान मोरारजी देसाई ह्यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. १९०० हें लीप नसल्यामुळें त्यांच्या तारखेचा पहिला वाढदिवस एकदम १९०४ सालीं, आठ वर्षांनीं उगवला. २४ मार्च १९७७ ला ते पंतप्रधान झाले तेव्हां वय ८१ वर्षें. परंतु खरोखरीचे वाढदिवस झाले होते १९! चारांनीं सरळ भागणारास हे २० वाटतील, कारण तो १९०० विसरेल. वय मात्र वाढदिवसांच्या संख्येनें ठरत नाहीं. तारीख कॅलेंडरांत येवो न येवो, वर्ष भरावयाचें तें भरतेंच.

आपल्याकडेही २९ फेब्रुवारीचें भावंड आहे, तें म्हणजे अधिकमासांतील जन्म. अधिक श्रावणांत जन्मलेल्या मुलाचा तिथीचा वाढदिवस इतर वर्षीं साध्या श्रावणांत करतात. परंतु १९८५, २००४ आणि २०२३ ह्या तिन्हीं वर्षीं श्रावणच अधिक होता. हें १९ वर्षांचें अंतर अकस्मात् आलेलें नाहीं. १९ सौर वर्षांचे दिवस ६९३९.६० आणि २३५ चांद्रमासांचे ६९३९.६९, दोहोंत अंतर जेमतेम दोन तासांचें. म्हणून तारीख आणि तिथि वर्षानुवर्षें फुगडी घालतात, परंतु १९, ३८, ५७ आणि ७६ ह्या वाढदिवसांस त्या बहुधा एकाच दिवशीं किंवा एका दिवसाच्या फरकानें भेटतात. वाचकांनीं आपल्या घरच्या जुन्या पंचांगांवरून हा प्रयोग करून पाहावा. मुलांस तो फार आवडतो.

मग वय काढावें तरी कसें? एक पद्धत दिवस मोजून ३६५ नीं भागण्याची. ती चुकीची. अण्णांच्या ऐंशी वर्षांत २० लीप दिवस आले. ह्या भागाकारानें त्यांस १३ फेब्रुवारी २०२५ लाच ऐंशी पुरीं झालीं असतीं. अठरा वर्षांत ४ किंवा ५ लीप दिवस पडतात, म्हणून मुलगी कायद्यानें सज्ञान होण्यापूर्वींच चार-पांच दिवस ती सज्ञान ठरेल; आणि मतदान, विवाह, सही ह्यांच्या बाबतींत हे चार दिवस थोडे नव्हेत. बरें, ३६५.२५ नीं भागलें तर? अठरा वर्षांचे साडेसहा हजारांवर साडेचौऱ्याहत्तर दिवस येतात! खरी संख्या ६५७४ किंवा ६५७५. अर्ध्या दिवसाचा वाढदिवस कोणाचाच नसतो.

महिन्यांची वजाबाकीही फसवी आहे. ३१ जानेवारीस जन्मलेलें बाळ १ मार्चला किती दिवसांचें? एक महिना उसना घेऊन फेब्रुवारीचे २८ दिवस मिळविले तर उत्तर येतें एक महिना आणि उणे दोन दिवस! शाळेप्रमाणें ३० धरले तर बरोबर एक महिना. ३१ धरले तर एक महिना एक दिवस. वास्तविक दिवस झाले २९. तात्पर्य, डॉक्टरांस बाळाचें वय सांगतांना दिवसच सांगावे किंवा आठवडे सांगावे. कायद्याच्या कामीं वर्ष, महिना, तारीख ह्यांची तुलना करावी. आणि पौर्णिमा मोजावयाच्या असतील तेथें पौर्णिमाच मोजाव्या. एका कामाचें माप दुसऱ्या कामास लावलें कीं घोटाळा झालाच.

एवढें झाल्यावर अण्णांची खरी जन्मतारीख तरी कशावरून, असा प्रश्न उरला. त्यासाठीं आमच्या आजोबांची टिपणवही काढली. तींत लिहिलें होतें: शके १८६६, तारण संवत्सर, वद्य पक्ष, रविवार, रात्रीं घड्याळी साडेबारा. पण ५ मार्च १९४५ हा तर सोमवार! उलगडा सोपा आहे. आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो, इंग्रजी तारीख मध्यरात्रीं बदलते. शिवाय ‘घड्याळी’ हा शब्द आजोबांनीं उगीच लिहिला नव्हता. महायुद्धामुळें सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत हिंदुस्थानांतील घड्याळें एक तास पुढें केलेलीं होतीं. घड्याळी साडेबारा म्हणजे नेहमींच्या वेळेनें साडेअकराच. त्या मोजणीनें अण्णांचा जन्म ४ मार्चचा! पौर्णिमेच्या हिशेबांत ह्यानें फरक पडत नाहीं. पण पत्रिका मांडणाऱ्यानें तो तास वजा केला नसेल तर लग्न चुकलेलेंच असणार.

आजोबांच्या ह्या एका ओळीनें आमचे डोळे उघडले. आतां जन्माची नोंद २१ दिवसांच्या आंत करणें १९६९ च्या कायद्यानें बंधनकारक आहे, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांस शाळा, मतदारयादी, पासपोर्ट अशा कामांस जन्मदाखलाच पुरावा म्हणून लागतो. गुरुजींच्या १ जूनचा काळ संपला. तरीही सरकारी दाखल्यांत तिथि नसते. ती घरच्या वहींतच राहावयाची. तारीख, वार, तिथि, वेळ, गांव आणि घड्याळ कोणत्या देशाचें, एवढ्या सहा गोष्टी जन्माच्या दिवशींच लिहून ठेवाव्या. लिहिणारास त्यास पांच मिनिटें लागतात. न लिहिल्यास पुढें कोणास दहा महिन्यांचा पगार मोजावा लागेल हें सांगतां येत नाहीं.

सोहळा ३ जानेवारी २०२६ ला पौषी पौर्णिमेस यथासांग झाला. नाताळच्या सुट्टीमुळें चिरंजिवांसही येणें सोईचें पडलें. मधल्या काकांनीं आपला ८३ वर्षांचा कागद जपून ठेवला आहे. तो हिशेब चुकीचा असला तरी त्या दिवशीं जेवण मीच घालीन असें ते म्हणतात. संध्याकाळीं चंद्र वर आल्यावर अण्णांनीं आजोबांची टिपणवही मागितली. त्यांची नात अमेरिकेंत जन्मलेली. तेथें संध्याकाळ होती तेव्हां येथें दुसऱ्या तारखेची पहांट झाली होती. अण्णांनीं चष्मा पुसला, आजोबांच्या ओळीखालीं तिचें नांव लिहिलें, आणि सुनेला जवळ बोलावून विचारलें, ‘वेळ तिकडचीच सांग हं. आपल्या वेळेचें मी पाहून घेतों.’